कागदाचा वास आणि माणसाची प्रतिष्ठा

(वार्षिक मेळाव्यानिमित्त उम्म अल कुवैन येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर इतिहास, शिक्षण, धम्म आणि संघटन या विषयांवर विद्वान वक्त्यांनी विवेचन केले आहे. आम्ही विद्वान नाही. आमचे आयुष्य कागदाच्या गिरण्यांमध्ये, लगद्याच्या टाक्या आणि प्रयोगशाळेतील काचनळ्या यांच्या सहवासात गेले. काही वर्षे मायदेशात आणि पुढे आखातात. तेव्हा संयोजकांनी आपल्या व्यवसायाविषयी बोला अशी आज्ञा केली, त्या वेळी आम्ही पुष्कळ विचार केला आणि एक असा विषय निवडला, ज्याचे नाव काढताच सभ्य माणूस नाकाला रुमाल लावतो. तो विषय म्हणजे कागदाच्या कारखान्यातून येणारी दुर्गंधी. ती कोठून येते, ती कशी मोजावी आणि ती कशी आवरावी. विषय थोडा विचित्र वाटेल, परंतु आपण शेवटपर्यंत ऐकून घ्यावे अशी नम्र विनंती आहे.

प्रारंभ येथूनच करू. आज सकाळी आपल्यापैकी काही कुटुंबे मुलांना घेऊन येथील खाडीवर गेली होती. ओहोटी लागली होती, खारफुटीच्या मुळांशी काळा चिखल उघडा पडला होता, आणि एका चिमुरडीने आपल्या आईला विचारले, ‘मम्मी, इथे अंडी कुजली आहेत का?’ त्या मुलीचे नाक खोटे बोलत नव्हते. समुद्राच्या पाण्यात गंधकाचे क्षार असतात. जेथे हवा पोहोचत नाही अशा चिखलात राहणारे काही सूक्ष्म जंतू त्या क्षारांवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सोडतात. कुजलेल्या अंड्यांचा वास तो हाच. त्यात कोणाचा दोष नाही, कोणाचे पाप नाही. ती निसर्गाची एक प्रक्रिया आहे. हे वाक्य आपण लक्षात ठेवावे, कारण आजच्या व्याख्यानाचे सार त्यातच आहे. वास हा प्रक्रियेचा असतो. तो माणसाचा नसतो.

आता या खाडीवरून आपण आपल्या विदर्भात जाऊ. आपल्यापैकी अनेक कुटुंबांचे मूळ चंद्रपूर जिल्ह्यात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, तेव्हाच्या चांदा शहरी परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या लोकांना धम्मदीक्षा दिली, हे आपल्या मुलांनाही पाठ आहे. त्याच चांद्याजवळ, वर्धा नदीच्या काठी, बल्लारपूर येथे महाराष्ट्रातील एक फार मोठी कागद गिरणी आहे. १९४५ साली ‘बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स’ या नावाने ती कंपनी स्थापन झाली आणि चांद्याच्या जंगलातील बांबूवर तिचा कागद तयार होऊ लागला. आपल्या आजोबांच्या पिढीने ज्या वह्यांवर बाराखडी गिरवली, त्यांतील काही पाने त्या बांबूची असतील. कागद ही आपल्या समाजाच्या दृष्टीने सामान्य वस्तू नव्हे. शतकानुशतके जो आपल्या हाती येऊ दिला गेला नाही, तो हा कागद. म्हणून त्याच्या जन्माची कथा आपण जाणून घेतलीच पाहिजे. त्या कथेतील दुर्गंधीसह.

बांबूत किंवा लाकडात सेल्युलोजचे तंतू असतात आणि त्यांना एकमेकांशी घट्ट चिकटवून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो. कागदाला तंतू हवे असतात, लिग्निन नको असते. कार्ल दाल या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८७९ साली डान्झिग येथे एक युक्ती शोधून काढली. लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावात बंद भांड्यात, सुमारे १७० अंश सेल्सिअस उष्णतेवर शिजवले की लिग्निन विरघळते आणि मजबूत तंतू मोकळे होतात. या पद्धतीला क्राफ्ट पद्धत म्हणतात. क्राफ्ट या शब्दाचा अर्थच बळ असा आहे. आज जगातील बहुतेक रासायनिक लगदा याच पद्धतीने तयार होतो.

परंतु बळ फुकट मिळत नाही. सोडियम सल्फाइडमधील गंधक लिग्निनवर तुटून पडते, तेव्हा चार वायुरूप पदार्थ जन्माला येतात. पहिला आपल्या ओळखीचा हायड्रोजन सल्फाइड. दुसरा मिथाइल मरकॅप्टन, सडलेल्या कोबीच्या वासाचा. तिसरा डायमिथाइल सल्फाइड आणि चौथा डायमिथाइल डायसल्फाइड. या चौघांना मिळून कागद व्यवसायात टीआरएस असे म्हणतात. हे चौघे डायजेस्टरमधून वाफ सोडताना निघतात, लगदा धुताना निघतात, उरलेला काळा द्राव आटवताना निघतात, तो द्राव रिकव्हरी बॉयलरमध्ये जाळताना निघतात, चुन्याच्या भट्टीतून निघतात आणि सांडपाण्याच्या हौदावरूनही निघतात. दार एक असते तर कुलूप लावता आले असते. येथे सहा दारे आहेत. म्हणून क्राफ्ट पद्धतीची गिरणी जगात कोठेही असो, अमेरिकेत, स्वीडनमध्ये वा विदर्भात, तिचा वास परिसराला ठाऊक असतो.

भगिनींच्या ध्यानात यावे म्हणून घरातले एक उदाहरण देतो. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात जवळजवळ वास नसतो. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावच्या शाळेत गंधहीन नैसर्गिक वायू साचून स्फोट झाला आणि मुले व शिक्षक मिळून जवळजवळ तीनशे जीव गेले. त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम वासाचा पदार्थ मिसळण्याची सक्ती झाली. आपल्या सिलिंडरात जो पदार्थ घालतात तो इथाइल मरकॅप्टन, म्हणजे कागद गिरणीतील मिथाइल मरकॅप्टनचा सख्खा भाऊ. एक अब्ज भाग हवेत त्याचे मोजके भाग असले तरी गृहिणीचे नाक चपापते. म्हणजे जो वास एका ठिकाणी आपण शिव्या देऊन सहन करतो, तोच दुसऱ्या ठिकाणी आपण पैसे देऊन पहारेकरी म्हणून ठेवतो.

मग प्रश्न असा की, पहारेकरी ओरडतो तेव्हा ऐकतो कोण?

कारखाना उभारताना साहेबांचे बंगले वाऱ्याच्या वरच्या बाजूस आणि हंगामी मजुरांच्या झोपड्या वाऱ्याच्या खालच्या बाजूस, ही रचना आम्ही एकापेक्षा अधिक ठिकाणी पाहिली. कोणी नकाशावर जात लिहिलेली नसते, परंतु वाऱ्याची दिशा पाहून वस्ती ओळखता येते. आमच्या उमेदीच्या काळात अशाच एका गिरणीजवळच्या वस्तीत आम्ही भाड्याने राहिलो. गिरणीचे आणि गावाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. तेथे मायबहिणींच्या पायांतील चांदीचे पैंजण काही आठवड्यांत काळे पडत. चांदीवर गंधकाचा थर बसला की ती काळवंडते, हे रसायनशास्त्राचे साधे उदाहरण. परंतु शहरातील दुकानात त्याच बायका गेल्या की दुकानदार म्हणे, यांच्या अंगालाच वास येतो. बंधू-भगिनींनो, हे वाक्य आपल्याला नवे आहे काय? मेलेली जनावरे ओढण्याचे काम ज्यांच्यावर लादले, त्यांनाच त्या कामाच्या दुर्गंधीचा मूळ धनी ठरवले गेले. १९२७ साली महाड येथे बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचा आणि असली हलकी मानलेली कामे नाकारण्याचा जो उपदेश केला, त्यात स्वच्छतेचा धडा होताच. पण त्याहून मोठा धडा असा होता की, लादलेल्या कामाची घाण म्हणजे माणसाचा स्वभाव नव्हे. रसायनशास्त्र आज तेच सांगते. पैंजण काळे होते, माणूस नव्हे.

दुर्गंधीविषयी तक्रार केली की एक ठराविक उत्तर मिळते : ‘सवय होईल.’ हे उत्तर खरे आहे, आणि म्हणूनच ते भयंकर आहे. नाकाला सवय होते. ज्या खोलीत आपण बसतो तेथील वास काही मिनिटांनी आपल्याला जाणवेनासा होतो. त्यामुळे जो रोज सोसतो त्याची साक्ष दुबळी होते आणि पाहुणा म्हणून आलेला अधिकारी एक तास थांबून, चहा घेऊन परत जातो. परंतु हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत केवळ सवयीचा प्रश्न नाही. अब्जांश भागांत जो वायू नाकाला झोंबतो, तोच दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत वाढला की काही मिनिटांत वास घेणारी नस बधिर करतो. वास नाहीसा होतो, वायू तेथेच असतो. पाचशे-सातशे भागांवर माणूस काही मिनिटांत कोसळतो. हजाराच्या जवळ एक-दोन श्वास पुरतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात, टाकीत, गटारात तळाशी बसून राहतो. भारतात गटारात उतरून जे बांधव प्राण गमावतात त्यांचा घात करणाऱ्या वायूंमध्ये हा प्रमुख आहे. हाताने मैला साफ करवून घेण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला, २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये ठरवली. तरी उतरणारा कोण असतो हे आपण जाणतोच.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. ती आजवर कोणत्याही सभेत दिली नाही.

आखातातील एका गिरणीत आम्ही पाळीचे रसायनतज्ज्ञ होतो. या प्रदेशात बांबूची वने नाहीत. येथील गिरण्या मुख्यतः रद्दी कागदावर आणि बाहेरून आणलेल्या लगद्यावर चालतात. म्हणून आमचा असा समज होता की, येथे गंधकाचा धोका नाही. हा समज चुकीचा होता. रद्दी पुठ्ठ्यात स्टार्च असतो, तुरटीतून आलेले सल्फेट असते, आणि पाणी वाचवण्यासाठी तेच पाणी पुनःपुन्हा फिरवले जाते. ऊबदार पाणी, भरपूर अन्न आणि हवेचा अभाव. खाडीच्या चिखलातील जंतूंना आणखी काय हवे? ते टाकीत शिरतात आणि तेथे खाडीचीच क्रिया सुरू होते. सोबत आंबलेल्या, खवट तुपासारखा वास देणारी आम्लेही तयार होतात.

त्या वर्षी सुट्टीमुळे यंत्र पाच दिवस बंद होते. उन्हाळ्याचे दिवस आणि लगद्याची एक टाकी अर्धी भरलेली तशीच राहिली. सुट्टीनंतर ती साफ करायची होती. झाकण उघडताच भपकारा आला. आम्ही बाजूला सरलो. थोड्या वेळाने पुन्हा जवळ गेलो, तेव्हा वास जाणवेना. उतरणारे आपल्याच समाजातील, अकोला जिल्ह्यातील एक ज्येष्ठ कामगार होते. आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू. ते म्हणाले, ‘साहेब, वास तर गेला. उतरू का?’ वायुमापक कपाटात होता आणि कपाटाची किल्ली दुसऱ्या इमारतीत होती. परवान्याच्या कागदावर ‘वायूची तपासणी केली’ असा एक रकाना होता. आम्ही त्यापुढे खूण केली आणि खाली सही केली.

भाऊ शिडीच्या चौथ्या पायरीवर गेले आणि त्यांचा हात सुटला. कमरेला दोर होता म्हणून ते वर ओढले गेले आणि वाचले. तो दोर आम्ही बांधा म्हटले नव्हते. त्यांनी स्वतः आग्रहाने बांधून घेतला होता. शहाणपण त्यांचे होते, सही आमची होती. नंतर मापक आणून टाकीच्या तोंडाशी धरला तेव्हा त्याची घंटा थांबेना. भाऊ दोन रात्री रुग्णालयात होते. चौकशीच्या कागदावर लिहिले गेले की, वास येत नसल्याचे कामगाराने स्वतः सांगितले. ते अक्षरशः खरे होते आणि अर्थाने पूर्ण खोटे होते. तीन दिवस आम्ही गप्प राहिलो; नोकरीची भीती होती, मुलांच्या फीची भीती होती. चौथ्या दिवशी आम्ही लेखी कळवले की, तपासणी झालेली नव्हती आणि रकान्यातील खूण आमची आहे. आम्हांस ताकीद मिळाली. ती योग्यच होती. भाऊंच्या नावावरील ठपका निघाला. परंतु ते तीन दिवस आमच्या हिशेबातून निघालेले नाहीत.

हा प्रसंग अपवादात्मक आहे असे समजू नये. मे २०२० मध्ये छत्तीसगडमधील रायगढजवळच्या एका कागद गिरणीत टाळेबंदीनंतर टाकी साफ करताना वायूची बाधा होऊन सात कामगार रुग्णालयात दाखल झाले. बंद पडलेले यंत्र, साचलेला लगदा, पुन्हा सुरू करण्याची घाई, कथा तीच. आणि या संबंधीचा नियम काही कालचा नाही. भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३६ व्या कलमातच असे सांगितले होते की, विषारी वायू असण्याचा संभव असलेल्या टाकीत वा खड्ड्यात कोणालाही उतरवू नये. जाणकार व्यक्तीने स्वतः चाचणी घेऊन लेखी दाखला दिला पाहिजे, अथवा उतरणाऱ्यास श्वसनाचे साधन आणि दोराचा पट्टा दिला पाहिजे. जाणकार व्यक्तीने स्वतः. हे शब्द पाहावेत. कायदा लिहिणारास ठाऊक होते की नाक हे चाचणीचे साधन नाही.

मग साधन कोणते? येथे मापनाचा विषय येतो. सर्वांत जुने आणि सोपे साधन म्हणजे खुद्द कागद. लेड ॲसिटेटच्या द्रावात भिजवलेली कागदाची पट्टी हायड्रोजन सल्फाइडच्या संपर्कात आली की तपकिरी-काळी होते; पट्टी जितकी काळी तितका वायू अधिक. कागदाच्या गिरणीवर कागदानेच पहारा द्यावा, यात एक न्याय आहे. आज खिशाला लावण्याचे विद्युत-रासायनिक मापक मिळतात, ते धोक्याची पातळी येताच घंटा वाजवतात. धुराड्यासाठी याहून नेमकी यंत्रे आहेत : चारही वायू तापवून त्यांचे सल्फर डायऑक्साइड करायचे आणि त्याचे प्रमाण अतिनील प्रकाशाच्या साहाय्याने अखंड मोजायचे.

परंतु यंत्र वायू मोजते, त्रास मोजत नाही. त्रासाचे मोजमाप करण्यासाठी युरोपमध्ये माणसाच्या नाकालाच शिस्तीत बसवले आहे. २००३ साली मान्य झालेल्या आणि २०२२ साली सुधारलेल्या युरोपीय मानकानुसार निवडक माणसांचा एक गट बसवतात, ब्यूटेनॉल नावाच्या प्रमाणित पदार्थावर त्यांची नाके आधी पारखून घेतात आणि हवेचा नमुना किती पट विरळ केल्यावर निम्म्या लोकांना वास येईनासा होतो ते पाहतात. नाक तेच, पण आता ते पाहुण्याचे वा मालकाचे नसून पारखलेले आणि एकमेकांपासून स्वतंत्र आहे. पुरावा यालाच म्हणतात.

आता मर्यादांविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने सुचविले आहे की, लोकांना वासाचा उपद्रव होऊ नये म्हणून एक घनमीटर हवेत अर्ध्या तासाच्या सरासरीने ७ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक हायड्रोजन सल्फाइड असू नये. भारतात पर्यावरण संरक्षण नियमांखाली मोठ्या कागद गिरण्यांच्या धुराड्यासाठी एका घनमीटरमागे १० मिलिग्रॅम ही मर्यादा घालण्यात आली. या दोन आकड्यांचा भागाकार आपण करून पाहावा. धुराड्याच्या तोंडाशी नियम तंतोतंत पाळला तरी तो वायू घराच्या दारापर्यंत चौदाशे पटींहून अधिक विरळ झाला पाहिजे, तेव्हाच घरातील माणूस सुखाने श्वास घेईल. शिवाय तो आकडा चार भावंडांपैकी फक्त एकाचा आहे. अमेरिकेत १९७८ पासून नव्या गिरण्यांच्या रिकव्हरी बॉयलरला चारही वायू मिळून दहा लाखांत ५ भाग अशी मर्यादा आहे. म्हणून उद्या कोणी म्हणाले की आमचा आकडा मर्यादेत आहे, तर नम्रपणे विचारावे : कोणता वायू, कोठे आणि किती वेळाची सरासरी? या तीन प्रश्नांसाठी पदवी लागत नाही.

दुर्गंधी आवरता येते काय? येते, आणि हे आम्ही अनुभवाने सांगतो. पहिला उपाय म्हणजे सहाही दारांवर झाकणे बसवून तेथील वायू नळांनी गोळा करणे आणि चुन्याच्या भट्टीत, बॉयलरमध्ये अथवा स्वतंत्र भट्टीत जाळणे. साडेसहाशे अंश सेल्सिअसच्या वर किमान अर्धा सेकंद ज्वालेत राहिल्यास हे वायू जळून जातात. मात्र ते स्फोटक असल्याने नळात ज्वाला मागे सरकू नये अशी योजना लागते. दुसरा उपाय, दुर्गंधीयुक्त पाणी वाफेने धुऊन त्यातील वायू वेगळे करणे. तिसरा, जुन्या पद्धतीत काळा द्राव धुराच्या थेट स्पर्शाने आटवत असत, त्याने हायड्रोजन सल्फाइड मुबलक सुटे. नव्या बॉयलरमध्ये तो स्पर्शच टाळतात. चौथा, कॉस्टिकच्या फवाऱ्याने वायू धुणे. मात्र त्याने चौघांपैकी पहिले दोघेच पकडले जातात, उरलेले दोघे निसटतात, हे सांगितल्याशिवाय तो उपाय विकू नये. भारतात २००३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सनदेत मोठ्या कागद गिरण्यांनी चार वर्षांत दुर्गंधी नियंत्रणाची व्यवस्था आणि चुन्याची भट्टी बसवावी असे ठरले. २००८ साली मंडळाने दुर्गंधीविषयी मार्गदर्शक पुस्तिका काढली. आणि २०१४ साली कागदासह सतरा प्रकारच्या प्रदूषणकारी उद्योगांना अखंड मापन यंत्रे बसवण्याचे आदेश दिले. म्हणजे रस्ता आहे. त्यावरून चालण्याची निकड कोणाला वाटते, हाच प्रश्न आहे.

रद्दीवर चालणाऱ्या गिरणीत उपाय आणखी स्वस्त आहेत. लगदा साचू देऊ नये. यंत्र बंद करण्यापूर्वी टाक्या रिकाम्या करून धुवाव्यात, सुट्टीनंतर नव्हे. पाणी आम्ल होऊ देऊ नये, टाकीत हवा खेळती ठेवावी, सांडपाण्याचे हौद झाकावेत. भाऊंच्या बाबतीत सुट्टीपूर्वी टाकी धुतली असती, तर त्यांना उतरावेच लागले नसते. दुर्गंधीचे नियंत्रण आणि प्राणाचे रक्षण या दोन गोष्टी नाहीत, एकच आहे.

येथील हवेविषयीही दोन शब्द. या किनाऱ्यावर दिवसा वारा समुद्राकडून भूमीकडे वाहतो, रात्री तो मंद होऊन भूमीकडून समुद्राकडे वळतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची ऊबदार असते, त्यामुळे वास वर उडून न जाता खालीच पसरतो. म्हणून किनाऱ्याच्या वस्तीत भूमीच्या बाजूच्या एखाद्या कारखान्याचा वास दुपारी जाणवत नाही आणि पहाटे चारला जाग येते. दुपारी येणाऱ्या निरीक्षकास तो सापडणार नाही. यात निरीक्षक खोटा नसतो आणि आपणही खोटे नसतो. वेळ लिहून ठेवली नाही तर मात्र आपण खोटे ठरतो. संयुक्त अरब अमिरातीत १९९९ पासून पर्यावरण संरक्षणाचा संघीय कायदा आहे आणि नगरपालिका लेखी, शांत, तारीखवार निवेदनाची दखल घेऊ शकते. परदेशात राहणाऱ्या माणसाने आवाज चढवण्यापेक्षा वही भरावी, हे अधिक फलदायी आहे.

तेव्हा या मेळाव्यापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. एक : ज्या बांधवांना कारखान्यात, गटारात, टाकीत काम करावे लागते त्यांनी वास गेला या समजुतीवर कधीही उतरू नये, मापकाचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा आणि मगच पाय टाकावा. सहकारी कोसळला तरी साधनाशिवाय त्याच्यामागे उडी घेऊ नये. अशा प्रसंगी वाचवायला गेलेलेही मरतात. दोन : जेथे दुर्गंधीचा त्रास आहे त्या घराने एक वही करावी. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, वास कशासारखा, शून्य ते सहापैकी किती तीव्र, आणि किती वेळ टिकला. हे काम शाळेत जाणारी मुलेही करू शकतात. एका घराची वही ही तक्रार असते, दहा घरांच्या वह्या हा पुरावा असतो. तीन : आपल्यापैकी जे अधिकाराच्या जागेवर पोहोचले आहेत, ज्यांच्या सहीने दुसरा माणूस खाली उतरतो, त्यांनी आमची चूक करू नये. आम्ही बाबासाहेबांच्या कृपेने शिकलो, सहीचा अधिकार मिळवला, आणि आमच्याच बांधवाला न तपासलेल्या टाकीत पाठवले. शिक्षणाने मिळालेली लेखणी ज्या दिवशी रिकाम्या रकान्यापुढे खोटी खूण करते, त्या दिवशी ती कोणाच्या बाजूची राहते, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा.

भाऊ आता निवृत्त होऊन अकोला जिल्ह्यात आपल्या गावी राहतात. मागील वर्षी आम्ही त्यांना भेटलो. नातीच्या हातात नवी वही होती. ती पानांना नाक लावून वास घेत होती. नव्या कागदाचा वास मुलांना फार आवडतो. भाऊ हसून म्हणाले, ‘साहेब, आता आला तो वास खरा.’ आम्ही मान डोलावली, दुसरे काही बोलता आले नाही. त्या वहीमागे किती जणांचा श्वास आहे हे त्या मुलीला एक दिवस कळावे, आणि तो श्वास कोणाचाही कोंडू नये, एवढीच सदिच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.



नमो बुद्धाय. जयभीम.